बांबूच्या अलीकडे अकरा पावलं

ती यादी आधी खिशात घाला. नाही, मला दाखवूच नका... अहो, अख्ख्या चोपडा तालुक्यात स्वतःची जीप स्वतः हाकत परदेशात नेलेला पहिला माणूस कोण? तुमच्यासमोर बसलाय तो. लोटन बिऱ्हाडे, रिटायर ड्रायव्हर, शिक्षण चौथी, तीसुद्धा दोनदा! आता परदेशात म्हणजे... अगदी आत नाही म्हणा. परदेशाच्या दारापर्यंत. दारात एक आडवा बांबू असतो, त्याच्या अलीकडे अकरा पावलं. मोजलीत मी. दोन दिवस दुसरं कामच नव्हतं. आणि स्वतःची जीप म्हणालो ना, त्याचंही पुढे बघू.

तर भाईदासनं नवी जीप आणली, तुम्ही चौघं निघालात नेपाळला, आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलं की लोटन आबाला विचारा, त्याला सगळं माहीत आहे. कोणी सांगितलं? आमच्या द्रौपदाबाईनं? हसत होती का सांगताना? तरीच.

बसा. तुम्हाला सांगतो, माझी यादी चौऱ्याऐंशी वस्तूंची होती. चौऱ्याऐंशी! आमच्या लग्नात एवढे लोक नव्हते. आणि ती केली जीवरामनं. आपला जीवराम, तीस वर्षं ट्रक चालवलेला, बिहारच्या टोकापर्यंत कापसाच्या गाठी पोचवून आलेला माणूस. तो खाटेवर पडून बोलत होता आणि मी लिहीत होतो. पंख्याचा पट्टा दोन. ट्यूब तीन. क्लचची वायर. गाडी ओढायचा दोर. रॉकेलचा स्टोव्ह, स्टोव्हची पिन, पिन हरवली तर दुसरी पिन. त्यानं मला मधेच उठून विचारलं पण, की लोटन, गाडीचे कागद नीट आहेत ना, गाडी कोणाच्या नावावर शे? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? माझ्या. असं छाती ठोकून सांगितलं आणि पंचेचाळीसावा नंबर लिहिला, हातोडी.

यादीत सगळं होतं, बाबांनो. यादीत सगळं होतं.

पण जायचं कशाला, हे नाही विचारलंत तुम्ही! माझी हौस वाटली? अहो, मला चोपड्याहून अमळनेरला जायचं म्हटलं तरी आंघोळीचा कंटाळा. त्याचं असं झालं, त्याच्या आदल्या वर्षी आपल्या बुद्धविहारात संध्याकाळचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला. बाया जायला लागल्या. आमची पण निघाली, वय बावन्न, हातात पाटी. आता मी गप्प बसणारा माणूस आहे का? मी तिच्या पाटीवर खडूनं शून्य काढून ठेवायचो. पेन्सिल लपवायचो. एकदा तर मास्तरचा आवाज काढून भिंतीमागून हजेरी घेतली, द्रौपदाबाई बिऱ्हाडे हजर? आणि ती बाई घरात चुलीपुढे बसून म्हणते, हजर! असं गल्लीभर हसू... पण ती शिकली हो. एका हिवाळ्यात शिकली. मी चौथी दोनदा केली, ती एका हिवाळ्यात नाव लिहायला लागली, पुस्तक वाचायला लागली, एसटीच्या पाट्या वाचायला लागली, आणि मग माझी मस्करी जरा कमी झाली, कारण मी पाटी चुकीची वाचली की ती खिडकीतून नुसती खोकायची.

त्या मास्तरनं शेवटच्या दिवशी सगळ्या बायांना सांगितलं, आपापल्या मनातली एक इच्छा वहीत लिहा. कोणी लिहिलं नळ पाहिजे, कोणी लिहिलं सून चांगली मिळू दे. हिनं लिहिलं, मला लुंबिनी बघायची आहे. विहारात एक कॅलेंडर होतं, त्यावर लुंबिनीचा तो दगडी खांब. बुद्ध जिथं जन्मले ती जागा. हिवाळाभर त्या खांबाखाली बसून ती बाराखडी गिरवत होती. मी वही उघडली होती मस्करी करायला. वाचलं... आणि मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी जीवरामकडे गेलो, म्हटलं, लुंबिनी कुठे आली रे? तो म्हणाला, नेपाळात.

असं ते. आता पुन्हा यादी.

फेब्रुवारी महिना, चौऱ्याण्णव साल. जीप भरली. पुढच्या सीटवर, माझ्या बाजूला, अवजारांची पेटी. मागे पाण्याचा ड्रम, ज्वारीचं पीठ, मिरच्या, कांदे, आणि कांद्यांच्या मधे द्रौपदाबाई. तिची तयारी काय? एक कापडी पिशवी. त्यात एक लुगडं, भाजून खायच्या थोड्या ज्वारीच्या बिबड्या, चटणी, ती वही आणि पेन. मी म्हटलं, बाई, परदेशात चाललीस, आठवड्याच्या बाजाराला नाही! ती म्हणाली, पेटी मागे ठेवा, मी पुढे बसते, मला रस्ता दिसेल. आता मी दहा वर्षं एकच उत्तर देत आलोय तिला. गाडीला एकच मालक असतो, द्रौपदे, दोन झाले की गाडी खड्ड्यात. थांबवा म्हणाली की हेच. हळू चालवा म्हणाली की हेच. मामाच्या गावावरून जाऊ म्हणाली की हेच. गाडीला एकच मालक असतो. ती बसली मागे.

आता केळी. लिहून घे भाईदास, हा धडा खरा आहे. जीवराम म्हणाला, वाटेत खायला केळी घे, पण कच्ची घे, हळूहळू पिकतील. मी रावेरला थांबून अख्खा हिरवा घड घेतला आणि ठेवला कुठे? पायाजवळ. इंजिनाच्या भिंतीला टेकून. आपण केळीच्या मुलखातली माणसं हो, केळी कशानं पिकतात हे आपल्या पाळण्यातल्या पोराला माहीत! ऊब लागली की पिकतात. बुऱ्हाणपूरला पिवळी, खंडव्याला ठिपके, आणि सागरच्या अलीकडे एकदम सव्वाशे केळी म्हणायला लागली, आम्हाला आत्ता खा! सकाळी केळी, दुपारी केळी, भाकरीबरोबर केळी... शेवटी रेल्वेचं फाटक बंद होतं तिथं थांबलेल्या सगळ्या गाड्यांना वाटली. ते बिचारे केळी कपाळाला लावून विचारत होते, कोणत्या देवाचा प्रसाद? मी म्हटलं, केळीमाता, चोपडेवाली, बहोत कडक है. एकानं पत्ता लिहून घेतलाय. आला तर तुमच्याकडे पाठवतो.

आणि रस्ता विचारायचा तर रिकाम्या माणसाला विचारू नका. रिकामा माणूस प्रेमानं सांगतो, आणि प्रेमानं सांगितलेला रस्ता नेहमी लांबून जातो. चहावाल्याला विचारा, दोन्ही हात गुंतलेले असतात, नुसती मान हलवतो, जिकडे हलवली तिकडे जा. आणि हा रस्ता झाशीला जातो का, असं तर विचारूच नका. सगळा हिंदुस्थान हो म्हणतो, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? हा रस्ता कुठे जातो, असं विचारा, मग तो अडकतो. हे मला झाशी सोडून अर्धा दिवस भलतीकडे गेल्यावर कळलं. मागून द्रौपदाबाई खोकत होती, पाटी वाचून. मी म्हटलं, सर्दी झाली का तुला?

पंक्चर झालं कानपूरच्या पुढे. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची ट्यूब यादीत होती, बाविसावा नंबर. काढली, दाबली... दगड! दुकानात किती वर्षं पडून होती कोण जाणे. तेव्हा वस्तू घेतली म्हणजे झालं नाही, उघडून बघा. एक मात्र मजा झाली. जीप मूळची सरकारी, वरून मी हिरवा रंग दिलेला, पण ऊन-पाण्यानं खालचा सरकारी रंग वर यायला लागला होता. त्यामुळे नाक्यानाक्यावर पोलीस उठून सलाम ठोकायचे. मी पण ठोकायचो. लखनौपर्यंत मी मोठा साहेबच होतो. मागे कांद्यांच्या मधे साहेबाची बायको.

पाचव्या दिवशी गोरखपूर ओलांडून बॉर्डरच्या गावात पोचलो. कंबरेचा भुगा, डोळ्यांत धूळ, पण म्हटलं, लोटन, जिंकलास. समोर तो बांबू. आणि तुम्हाला सांगतो, त्या बांबूखालून काय नव्हतं जात? सायकली जात होत्या, टोपल्या घेतलेल्या बाया जात होत्या, बकऱ्या जात होत्या, एक म्हातारा तर आपलं खाटलं डोक्यावर घेऊन दुसऱ्या देशात चालला होता. कोणी विचारत नव्हतं. विचारायचे फक्त गाडीवाल्याला. बाजूला पत्र्याची खोली, आत टेबल, टेबलामागे चष्मेवाला बाबू, माझ्यामागे ट्रकवाल्यांची रांग. बाबूनं जीपचं आरसी बुक मागितलं, मी ऐटीत दिलं. त्यानं पान उलटलं आणि विचारलं, "मालिक कौन है?"

मी म्हटलं, "मैं."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मिशीकडे बघितलं, पुन्हा बुकात बघितलं. "आपका नाम द्रौपदाबाई है?"

रांग हसली. अजून हसत असेल.

आता सांगतो. तुम्ही आपलेच, आणि आता लपवायचं काय राहिलंय? ही जीप मी खात्यात असताना चौदा वर्षं साहेबांसाठी चालवली. बाप आजारी पडला तेव्हा मी रजा नाही घेतली, पण हिचा गिअरबॉक्स गेला तेव्हा तीन दिवस जेवलो नाही. चौऱ्याऐंशी साली खात्यानं ती लिलावात काढली. आणि नियम काय? खात्यातल्या माणसानं बोली लावायची नाही. मग मी काय करू? कोणा केळीवाल्याला नेऊ देऊ? आणला कागद घरी, ही भाकरी थापत होती, म्हटलं, रॉकेलच्या कार्डाचा फॉर्म आहे, लाव अंगठा. तिनं पिठाचा हात पुसला आणि लावला. तो आरटीओचा कागद, तो पण रॉकेल. महिनाभर रॉकेलच रॉकेल. नंतर सांगणार होतो हो. आज सांगू, उद्या सांगू... सांगितलं असतं तर पुढे बसली असती ना!

तर बाबूनं नाव वाचलं तेव्हा ती माझ्या मागेच उभी होती, पिशवी घेऊन. पुढे आली. त्या बुकावर बोट ठेवलं आणि एक एक अक्षर वाचलं. द्रौ. प. दा. बा. ई. मग मला म्हणाली, "मनं नाव आठे कसं वनं?"

तिचं नाव तिथं कसं आलं, हे मी त्या रांगेपुढे सांगू? मी छताकडे बघितलं. पत्र्याचं होतं. बाबूच बोलला, माताजी, गाडी तुमची आहे, दहा वर्षांपासून तुमचीच आहे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. बाहेर गेली, जीपभोवती एक फेरी मारली, बोनेटवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, मडकं घेताना बाया वाजवून बघतात तसं. परत आली. बाबूनं स्टूल पुढे केलं, मालकासाठी. मी उभाच.

बाबू म्हणाला, मालकानं इथं सही करायची, की गाडी आत न्यायला माझी मंजुरी आहे. हिनं पिशवीतून स्वतःचं पेन काढलं. आणि लिहायला बसली... अहो, तेवढ्या वेळात मी चाकं बदलली असती चारही! द्रौपदाबाई लोटन बिऱ्हाडे. काना, मात्रा, वेलांटी, काही सोडलं नाही. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, ती ढुंकून बघत नाही. झाली सही. मी सुटलो म्हटलं, निघालो पण गाडीकडे. तेवढ्यात बाबूनं सही बुकाला लावून बघितली आणि तोंडानं चुकचुक केलं. बुकात मालकाची निशाणी म्हणून अंगठा आहे. इथं सही आहे. जुळत नाही. त्यानं टेबलाच्या खणातून जांभळ्या शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "अंगूठा लगा दीजिए माताजी, बस हो गया."

हे नव्हतं यादीत. चौऱ्याऐंशी वस्तू, दोन-दोन पिना, आणि हे नव्हतं.

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी अंगठा लावाव नही."

मी समजावलं. म्हटलं, अगं एक टिकली शाई, बाहेर हापसा आहे, लगेच धुऊन टाक, पाच दिवस आलोय, समोर तुझी लुंबिनी आहे, कोण बघतंय इथं? ती म्हणाली, त्या दिवशी पण कोणी बघत नव्हतं. बाबू वाईट माणूस नव्हता हो. त्यानं पण समजावलं, की नियम असा आहे, जसं बुकात तसं इथं, नाहीतर तुमच्या जळगावला जाऊन आधी बुकात सही चढवून आणा. रांगेतला एक सरदारजी म्हणाला, माँ, लगा दो, रोटी ठंडी हो रही है. ती सगळ्यांचं ऐकून घेत होती. मग तिनं त्या बाबूला आपल्या चोपडा हिंदीत विचारलं, चलके जानेवाले को क्या लगता? तो म्हणाला, काही नाही.

उठली. पिशवी उचलली. मला म्हणाली गाडी सांभाळा. आणि निघाली की हो! बांबूखालून जायला तिला वाकावं पण लागलं नाही, एवढीशी तर आहे ती. पलीकडे सायकलरिक्षा होती, तिच्यात बसली आणि परदेशात गेली.

आता तुम्ही म्हणाल, आबा, तुम्ही पण जायचं होतं ना मागोमाग! कसा जाऊ? जीपला ताडपत्रीचं छप्पर, ताडपत्रीची दारं, आत दोर, हातोडी, स्टोव्ह, तीन ट्यूबा, चौऱ्याऐंशी वस्तू... कुलूप होतं का यादीत? नव्हतं! जगातलं सगळं सामान घेतलं आणि ते सोडून जाता येईल अशी एक वस्तू घेतली नाही. मी त्या सामानाची राखण करत बसलो. पावलं मोजली. अकरा. परत मोजली. स्टोव्हवर भाकरी केली, करपली. ट्रकवाले येऊन विचारायचे, किसकी गाडी है? मी म्हणायचो, मालकीण आत गेली आहे. पहिल्यांदा म्हणताना दातओठ खाल्ले. दुसऱ्या दिवसापर्यंत सवय झाली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली. पायांना धूळ, पण चेहरा... जाऊ द्या, मला सांगता येत नाही ते. तिथल्या विहारात रात्री राहायला जागा दिली, वरणभात दिला, आणि पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये सही करायला लावली. अंगठा नाही, सही. वही काढून मला दाखवली. ते जुनं पान. मला लुंबिनी बघायची आहे. त्यातलं 'मला' आणि 'बघायची आहे' रेघ मारून खोडलेलं, आणि वर बारीक अक्षरात लिहिलेलं, बघितली.

मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? मग म्हटलं, आता तू गाडीजवळ बस, मी जाऊन येतो. ती म्हणाली, जा की, मालक गाडीत बसल्यावर कशाची भीती? मी गेलो. अकरा पावलं चाललो. बांबूला हात लावला... आणि परत आलो. का आलो, विचारू नका. आपल्याला बोलावलेलं नसलं की माणसाला कळतं.

परत आलो तर अवजारांची पेटी मागे कांद्यांत, आणि ती पुढच्या सीटवर. पाच दिवस परतीचा रस्ता. झाशीच्या पाट्या तिनं वाचल्या, एकदाही चुकलो नाही. मामाच्या गावावरून पण आलो.

तर भाईदास, यादी करायची ती कर, ट्यूबा घे, केळी तीन वेगवेगळ्या दिवसांनी पिकणारी घे, कुलूप घे. पण आधी घरी जाऊन बघ, गाडी कोणाच्या नावावर आहे. आईच्या? का रे? लिलावात... तू पण खात्यातलाच ना! बरं बरं, मी काही विचारलं नाही. आईला विचारलंस का? मान खाली घालू नको, मी तुझ्याहून जुना चोर आहे.

माझं म्हणाल तर मी गेल्या महिन्यात जळगावला जाऊन आरटीओचा कागद आणलाय. म्हटलं, एकदा काय तो सोक्षमोक्ष, जीप माझ्या नावावर करून घेऊ. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी आपलं पाहिजे. ती भाकरी थापत होती. आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मेलो तरी सुटणार नाही... कागद पुढे केला आणि म्हटलं, काही नाही गं, रॉकेलच्या कार्डाचं आहे, कर सही.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पिठाचा हात पुसला. कोनाड्यातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"ठेवा तठे. आधी मी वाचसू. मंग तुम्ही अंगठा लावा."